प्रभाराचा रोजमेळ

इन्व्हर्टर पूर्वी दोन तास चालायचा, आता वीस मिनिटांत मान टाकतो, अशी तक्रार केली की मेकॅनिक घरी येतो. पिशवीतून आधी मल्टिमीटर निघतो, मग क्लॅम्प मीटर आणि शेवटी रबरी फुग्याचं काचेचं हायड्रोमीटर. बॅटरीचं एकेक बूच उघडून तो फुगा दाबतो, सोडतो आणि नळीत चढलेल्या ॲसिडवर तरंगणारी काडी डोळ्यांच्या रेषेत धरून वाचतो. “बाराशे साठ, बाराशे साठ, बाराशे पन्नास... ही बघा, ही अकराशे पन्नासवर आलीय. हा सेल गेला.”

बॅटरीच्या अंगावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं : १५० ॲम्पिअर-तास. हे विद्युतप्रभाराचं माप आहे आणि त्यातलं किती शिल्लक आहे एवढंच मेकॅनिकला जाणून घ्यायचं असतं. पण त्याच्या पिशवीतलं एकही उपकरण प्रभार मोजत नाही. मल्टिमीटर विभवांतर सांगतो, क्लॅम्प मीटर धारा सांगतो, हायड्रोमीटर ॲसिडची घनता सांगतो. प्रभाराचा आकडा या तिन्हींवरून काढावा लागतो.

सगळ्या विषयाची गोम इथेच आहे. परिपथातला प्रभार जवळजवळ कधीच थेट हाती लागत नाही. कधी चांदी तोलून, कधी सुईचा झोका पाहून, कधी कपॅसिटरवरचे व्होल्ट वाचून, तर कधी धारा आणि वेळ यांच्या गुणाकारांची बेरीज लिहून ठेवून त्याचा अंदाज घेतात. म्हणून प्रभारमापन म्हणजे मुळात हिशेब ठेवणं आहे. दुकानदार रोजमेळ लिहितो, महिनाअखेरीला गल्ल्यातली रोकड मोजून ताळा घेतो. प्रभाराच्या बाबतीतही रोजमेळ कुठल्या पद्धतीनं लिहायचा आणि ताळा कशानं घ्यायचा, हे दोनच प्रश्न आहेत. गेल्या अडीचशे वर्षांत त्यांना मिळालेल्या उत्तरांचा हा आढावा.

आधी हिशेबाची मांडणी

एक ॲम्पिअर धारा एक सेकंद वाहिली की एक कूलोम प्रभार सरकला. ‘प्रभार म्हणजे धारा गुणिले वेळ’ हे शाळेतलं सूत्र तेच सांगतं. एका कूलोमात सुमारे ६२.४ हजार कोटी कोटी... असं म्हणत गेलं तर जीभ अडखळते, ६.२४ गुणिले १० चा १८ वा घात, एवढे इलेक्ट्रॉन मावतात. बाजारात कूलोम कोणी मागत नाही, ॲम्पिअर-तास मागतात. एक ॲम्पिअर-तास म्हणजे ३,६०० कूलोम आणि एक मिलिॲम्पिअर-तास म्हणजे ३.६ कूलोम. म्हणजे खिशातल्या फोनची ५,००० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी १८,००० कूलोमची झाली.

आकाशातून वीज पडते तेव्हा जमिनीत साधारण पाच ते वीस कूलोम प्रभार उतरतो. फोन त्याच्या हजारपट प्रभार बाळगतो आणि तरी खिशात निवांत असतो. याची कारणं दोन. पहिलं असं की प्रभार म्हणजे ऊर्जा नव्हे. ऊर्जा काढायला प्रभाराला व्होल्टनं गुणावं लागतं. विजेमागे कोट्यवधी व्होल्ट असतात, फोनमध्ये जेमतेम चार. दुसरं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बॅटरीत प्रभार ‘साठवलेला’ नसतोच. भरलेली बॅटरी आणि उतरलेली बॅटरी, दोन्ही विद्युतदृष्ट्या उदासीनच असतात. १८,००० कूलोम हा आकडा सांगतो तो एवढंच, की एका टोकातून काढून परिपथाला वळसा घालून दुसऱ्या टोकात इतका प्रभार ढकलायची तिची ताकद आहे.

प्रभार आणि ऊर्जा यांतली ही गल्लत पॉवर बँक घेताना अंगाशी येते. डब्यावर १०,००० मिलिॲम्पिअर-तास लिहिलेलं असतं, ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं माप. तो सेल ५ व्होल्टला चढवून बाहेर दिला की ऊर्जा तीच राहते, पण प्रभार ७,४०० वर येतो आणि रूपांतरात जाणारी ऊर्जा वजा केली की त्याहून कमी. दुकानदारानं फसवलेलं नसतं. आपण दोन वेगळ्या दाबांवरचे कूलोम एकाच मापानं मोजलेले असतात.

धारा स्थिर असेल तर गुणाकार पुरतो. पण खऱ्या परिपथात ती स्थिर क्वचितच असते. फोन चार्जिंगला लावला, पहिला तास २ ॲम्पिअर धारा गेली आणि पुढच्या अर्ध्या तासात ती सरळ रेषेत शून्यावर आली, असं समजू. पहिल्या तासाचे २ गुणिले ३,६०० म्हणजे ७,२०० कूलोम. उतरत्या अर्ध्या तासाचा आलेख त्रिकोण होतो, म्हणून अर्धं गुणिले २ गुणिले १,८०० म्हणजे १,८०० कूलोम. एकूण ९,००० कूलोम, अर्थात २,५०० मिलिॲम्पिअर-तास. धारा आणि वेळ यांच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे प्रभार. आलेख कितीही वेडावाकडा असला तरी नियम हाच. पुढे येणारी बहुतेक उपकरणं हे क्षेत्रफळ काढण्याच्याच निरनिराळ्या युक्त्या आहेत.

घरातल्या प्रत्यावर्ती विजेत मात्र हे क्षेत्रफळ दर आवर्तनाला शून्य होतं. ५० हर्ट्झची १ ॲम्पिअर धारा अर्ध्या आवर्तनात सुमारे ९ मिलिकूलोम पुढे नेते आणि पुढच्या अर्ध्यात तेवढेच मागे आणते. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉनांची ही येरझार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. वीज कंपनी आपल्याला एकही इलेक्ट्रॉन विकत नाही. बिलावरचे ‘युनिट’ ऊर्जेचे असतात, प्रभाराचे नव्हेत.

तराजूत तोललेला प्रभार

चार्ल्स ऑगस्टिन द कूलोम यानं १७८५ मध्ये पीळ-तराजू वापरून प्रभारांमधल्या बलाचा नियम मांडला. शाळेच्या पुस्तकात भेटणारा सुवर्णपत्र विद्युतदर्शीही त्याच दशकातला. पण ही सगळी स्थिर प्रभाराची गोष्ट झाली. वाहत्या प्रभाराचा पहिला भरवशाचा हिशेब मायकेल फॅरेडेनं दिला. १८३३-३४ मध्ये त्यानं दाखवलं की विद्युत अपघटनात जमा होणाऱ्या पदार्थाचं वजन केवळ गेलेल्या एकूण प्रभारावर अवलंबून असतं. धारा हळू जावो की जोरात, मध्येच थांबो की पुन्हा सुरू होवो, एकूण कूलोम तेवढेच असतील तर धातूही तेवढाच बसतो. क्षेत्रफळ काढायचं काम रसायनच करून टाकतं.

या नियमावर चांदीचा व्होल्टामीटर उभा राहिला. पॅरिसच्या १८८१ च्या विद्युत परिषदेत ॲम्पिअर, कूलोम ही नावं ठरली आणि १९०८ च्या लंडन परिषदेत ॲम्पिअरची व्याख्याच चांदीत बांधली गेली : सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला ०.००१११८०० ग्रॅम चांदी बसवणारी धारा म्हणजे एक आंतरराष्ट्रीय ॲम्पिअर. १९४७ संपेपर्यंत जगाचा विद्युत व्यवहार या आकड्यावर चालला. या हिशेबानं दहा ग्रॅमच्या तोळ्याला सुमारे ८,९४५ कूलोम लागतात, म्हणजे आपल्या फोनची बॅटरी सुमारे दोन तोळे चांदीची निघते. प्लेटिंगच्या कारखान्यांत आजही रेक्टिफायरला ॲम्पिअर-तास मीटर जोडतात, त्यामागे हेच गणित आहे. किती धातू चढला ते वस्तू बाहेर न काढता कळतं.

एडिसननं तर या नियमावर बिलं काढली. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं त्याचं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं. त्याच्या ग्राहकांच्या मीटरमध्ये झिंक सल्फेटच्या बरणीत जस्ताच्या पट्ट्या असत आणि घरातल्या धारेचा ठरावीक छोटा हिस्सा त्यांतून जाई. कंपनीचा माणूस महिन्यानं येऊन पट्ट्या नेई, त्या तोलल्या जात आणि वजनातल्या फरकावरून बिल निघे. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून मीटरमध्येच एक दिवा ठेवलेला असे. पण ग्राहकाला आपल्या मीटरवर काहीच वाचता येत नसे, कंपनीच्या तराजूवर विश्वास ठेवावा लागे. पुढे प्रत्यावर्ती वीज आली. तिच्यात गेलेलं जस्त परत येतं, हिशेब शून्यावर राहतो. हंगेरीच्या ऑटो ब्लाथी यानं १८८९ मध्ये प्रत्यावर्ती विजेचा ऊर्जामापक आणला आणि जस्ताचा तराजू मागे पडला.

रासायनिक पद्धतीचं बळ तिच्या अचूकतेत होतं, दुबळेपण तिच्या संथपणात. मिलिकूलोमभर प्रभारानं बसणारी चांदी कुठल्याही साध्या तराजूला जाणवणार नाही. तरी ही पद्धत संपलेली नाही. मेकॅनिकच्या हातातलं हायड्रोमीटर तिचाच वारस आहे. बॅटरी जितका प्रभार देते त्या प्रमाणात ॲसिड पाण्याला जागा देतं, आणि ती घट काडी दाखवते.

एका झटक्याचा प्रभार

बी.एस्सी.ला ज्यांनी भौतिकशास्त्र घेतलं, त्यांना अंधारी खोली, दिव्याची पेटी आणि मीटरभर लांबीच्या पट्टीवर सरकणारा प्रकाशाचा ठिपका आठवत असेल. ते बॅलिस्टिक गॅल्व्हानोमीटर. कपॅसिटर चार्ज करायचा, कळ दाबून तो गॅल्व्हानोमीटरमध्ये रिकामा करायचा आणि ठिपका पहिल्या झोक्यात कुठवर जातो ते टिपायचं. गुंडाळी मुद्दाम जड आणि संथ केलेली असते. तिचा आंदोलनकाळ काही सेकंदांचा. ती हलायला लागायच्या आत सगळा प्रभार जाऊन चुकलेला असतो. चेंडूला बॅट लागून चेंडू सुटतो, मग त्याची उंची टोल्याचा जोर सांगते, तसं हे. पहिला झोका एकूण प्रभाराच्या प्रमाणात असतो. हवेचा आणि तारेचा विरोध त्याला थोडा खुजा करतो, म्हणून पुढचे झोके मोजून दुरुस्ती करावी लागते. शेजारी कोणी खुर्ची सरकवली की ठिपका नाचू लागे आणि वाचन पुन्हा घ्यावं लागे.

कपॅसिटर ही दुसरी वाट. प्रभार म्हणजे धारिता गुणिले व्होल्ट. छताच्या पंख्यातला २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टला नेला तर त्यावर सुमारे ०.८ मिलिकूलोम असतो. अनोळखी प्रभार ओळखीच्या कपॅसिटरवर घ्यायचा आणि व्होल्ट वाचायचे, इतकं सोपं. पण व्होल्ट वाचायला साधा मल्टिमीटर लावला की कुंपणच शेत खातं. त्याचा आतला रोध १० मेगोहम धरला तर एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्यातून दहा सेकंदांत ३७ टक्क्यांवर येतो. एक नॅनोफॅरडचा असेल तर आकडा डोळ्यांत भरायच्या आत रिकामा. म्हणून इथे इलेक्ट्रोमीटर लागतो, ज्याचा रोध मल्टिमीटरच्या कोट्यवधी पटींनी जास्त असतो.

आजचा चार्ज ॲम्प्लिफायर याच्या पुढचं पाऊल आहे. तो येणारा सगळा प्रभार एका ठरावीक कपॅसिटरवर ओढून घेतो आणि त्या प्रमाणात व्होल्ट देतो. एक नॅनोफॅरडवर एक नॅनोकूलोम आला की एक व्होल्ट. स्वित्झर्लंडच्या वॉल्टर किस्टलर यानं १९५० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. इंजिनच्या सिलिंडरमधला दाब किंवा यंत्राचा कंप मोजणारे स्फटिक-सेन्सर काही पिकोकूलोमच देतात, ते याच्याच भरवशावर वाचले जातात. त्याचा वैरी म्हणजे गळती. एका पिकोॲम्पिअरची गळतीही त्या एक नॅनोफॅरडवर दर सेकंदाला एक मिलिव्होल्ट खोटा जमा दाखवते. बोटाचा तेलकट ठसा, सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स, कोकणातल्या जुलैची दमट हवा, यांतलं काहीही एवढी गळती सहज करतं. म्हणून असे सर्किट बोर्ड अल्कोहोलनं धुतात, जोड टेफ्लॉनवर घेतात आणि मोजणी सुरू करण्याआधी कळ दाबून कपॅसिटर शून्यावर आणतात.

अखंड बेरीज आणि तिची चूक

आज जगात सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत कूलोम-मोजणीची. फोन, लॅपटॉप, विजेवरची स्कूटर, प्रत्येकात ती आहे. बॅटरीच्या वाटेत एक अगदी छोटा रेझिस्टर, म्हणजे शंट, बसवलेला असतो. त्यावरचे व्होल्ट धारा सांगतात, चिप ती क्षणोक्षणी वेळेनं गुणून बेरजेत घालते. जमा, खर्च, शिल्लक, शुद्ध रोजमेळ.

मेख आहे ती शंटच्या आकारात. एक मिलिओहमचा शंट असेल तर १० ॲम्पिअरला त्यावर १० मिलिव्होल्ट येतात, पण एक मिलिॲम्पिअरला फक्त एक मायक्रोव्होल्ट. मोजणाऱ्या चिपचं शून्य १० मायक्रोव्होल्टनं सरकलेलं असलं, तर काहीच वाहत नसताना तिला १० मिलिॲम्पिअर धारा दिसत राहते. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते इथे उलटं लागू पडतं. तीस दिवसांत ही चूक ७.२ ॲम्पिअर-तास होते. ६० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत हा १२ टक्क्यांचा घोळ झाला, आणि गाडी तर जागची हललेलीही नाही. एका वाचनातली चूक वाचनापुरती राहते. बेरजेतली चूक रोज व्याज लावते.

शंटऐवजी हॉल सेन्सर वापरला तर तार तोडावी लागत नाही, पण त्याचं शून्य तापमानानं आणि उरलेल्या चुंबकत्वानं सरकतं. डी.सी. क्लॅम्प मीटरवर ‘झिरो’चं बटण असतं ते याचसाठी, आणि घाईत तेच दाबायचं राहून जातं.

दुसरा घोळ बॅटरी स्वतः घालते. भरलेला प्रत्येक कूलोम ती परत देत नाही. चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये ९९ टक्क्यांहून अधिक प्रभार परत येतो. शिसे-ॲसिड बॅटरीत त्यातला काही हिस्सा पाण्याचे बुडबुडे करण्यात जातो, म्हणून तर तिला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. शिवाय तिच्यावरचे १५० ॲम्पिअर-तास वीस तासांच्या हिशेबाचे असतात. साडेसात ॲम्पिअर खेचले तर ती वीस तास चालेल, पण ५० ॲम्पिअर खेचले तर तीन तास चालणार नाही. विल्हेल्म प्यूकर्टनं १८९७ मध्ये हे सूत्रात बसवलं. आणि वय झालेल्या बॅटरीची मूळ क्षमताच घटलेली असते. फोन १८ टक्के दाखवता दाखवता बंद पडतो तेव्हा बहुधा मोजणी चुकलेली नसते. ज्याचे टक्के काढले ते शंभर जुने असतात.

म्हणून ताळा हवा. बॅटरी काही वेळ शांत राहिली की तिच्या व्होल्टवरून शिल्लक ताडता येते आणि रोजमेळ दुरुस्त करता येतो. पण लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेलमध्ये २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान व्होल्ट जवळजवळ हलतच नाहीत, ३.२ ते ३.३ च्या आसपास राहतात. अशा बॅटरीत मधल्या पट्ट्यात ताळा घेता येत नाही. पूर्ण भरल्यावरच चिपला पक्का खुंटा सापडतो. ‘अधूनमधून शंभर टक्के चार्ज करा’ अशी सूचना अशा गाड्यांच्या पुस्तिकेत असते, ती मुख्यतः या हिशेबासाठी.

सुटे इलेक्ट्रॉन

हिशेब कितीही बारीक केला तरी एका नाण्याखाली जाता येत नाही. रॉबर्ट मिलिकननं शिकागोमध्ये हार्वी फ्लेचर या विद्यार्थ्याच्या साथीनं तेलाचे थेंब दोन पट्ट्यांमध्ये तरंगत ठेवले आणि थेंबांवरचा प्रभार नेहमी एकाच आकड्याच्या पटीत असतो हे दाखवलं. १९१३ चा त्याचा आकडा आजच्यापेक्षा सुमारे ०.६ टक्क्यानं कमी होता, कारण हवेच्या चिकटपणाचं मूल्य थोडं चुकीचं धरलं होतं. तरी ताळा मोठा सुंदर जमला. फॅरेडेच्या तराजूनुसार एक मोल चांदीला ९६,४८५ कूलोम लागतात. त्याला एका इलेक्ट्रॉनच्या प्रभारानं भागलं की एका मोलमधल्या अणूंची संख्या निघते. तराजू आणि तेलाचा थेंब या दोन निराळ्या वह्या जुळल्या.

२० मे २०१९ पासून तर नाण्याची किंमतच कायमची बांधली गेली. इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचं मूल्य १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलोम, याच्या पुढेमागे एकही अंक नाही. १९४८ पासून दोन समांतर तारांमधल्या बलावर टेकलेली ॲम्पिअरची व्याख्या गेली. आता ॲम्पिअर म्हणजे सेकंदाला इतके इलेक्ट्रॉन. एक-इलेक्ट्रॉन पंप हे शब्दशः करतो, एका ठोक्याला एक इलेक्ट्रॉन पुढे ढकलतो. पण सेकंदाला अब्ज ठोके दिले तरी धारा होते १६० पिकोॲम्पिअर. म्हणून व्यवहारात प्रयोगशाळा जोसेफसन जोडावरून व्होल्ट आणि क्वांटम हॉल परिणामावरून ओहम घेतात आणि भागाकार करून ॲम्पिअर मिळवतात. आपल्याकडे ही मानकं दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते.

निवाडा

सर्वांत चांगली पद्धत कुठली, याला एक उत्तर नाही. प्रभार केवढा आणि किती वेळात जातो यावर ते ठरतं. पिको ते मायक्रोकूलोमचा झटका असेल तर कपॅसिटर आणि चार्ज ॲम्प्लिफायर, आणि सोबत कोरडा, स्वच्छ बोर्ड. तासन्‌तास वाहणारी एकदिश धारा असेल तर शंट आणि अखंड बेरीज. धातू चढवायचा असेल तर ॲम्पिअर-तास मीटर, आणि शंका आली की तराजू. शिसे-ॲसिड बॅटरीची शिल्लक पाहायची असेल तर अजूनही काचेची काडी, सेलागणिक वेगळं उत्तर देणारं तिच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

पद्धत कुठलीही घ्या, दोन गोष्टी सोडू नका. बेरीज सुरू करण्याआधी शून्य तपासा, आणि मिळालेला आकडा एकदा तरी दुसऱ्या वाटेनं ताडून पाहा. त्या दिवशी मल्टिमीटरवर पूर्ण बॅटरीचा आकडा वाईट म्हणावा असा नव्हता. सहांतला एक सेल गेलाय, हे काडीनं सांगितलं.